मारानेल्लो आणि तोचिगी: जुन्या स्पोर्ट्स कारच्या संग्रहातला एक खुला प्रश्न

नोव्हेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात २५० जीटीओ कुळातली १९६२ची फेरारी ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२२मध्ये, फ्लोरिडातल्या अमेलिया आयलंडला टोयोटा २०००जीटी विकली गेली. अमेरिकी शर्यतपटू कॅरल शेल्बी यांच्या चमूने शर्यतीत उतरवलेली ही गाडी. तिला २५ लाख ३५ हजार डॉलर मिळाले आणि जपानी गाडीसाठी लिलावातला तो तोवरचा उच्चांक ठरला. दोन शिखरांमधले अंतर वीसपटीचे आहे. किंमत हीच कसोटी मानली तर इटालियन आणि जपानी गाड्यांची तुलना इथेच संपते.

पण ती संपलेली नाही. उलट गेल्या पंधरा वर्षांत ती अधिक गंभीरपणे होऊ लागली आहे. पूर्वी संग्राहकांच्या बैठकीत जपानी गाडीचा विषय निघालाच तर कौतुकाने निघे आणि लगेच मागे पडे. आता माँटेरेच्या ऑगस्टमधल्या मोटारसप्ताहात जपानी गाड्यांसाठी २०१८पासून स्वतंत्र मेळावा भरतो, आणि मोठी लिलावघरे स्कायलाइन जीटी-आरचे फोटो फेरारीच्या शेजारी छापतात. मर्यादित पैसा आणि एका-दोन गाड्यांची जागा असलेल्या माणसाने काय जपावे, हा प्रश्न त्यामुळे खरा झाला आहे. १९६० ते २००० या साधारण चाळीस वर्षांतल्या गाड्या समोर ठेवून या चर्चेत आज कोण काय म्हणते, ते या लेखात मांडले आहे.

इटली: प्रत्येक गाडीचे चरित्र

महायुद्धानंतरच्या इटलीत स्पोर्ट्स कार एका छपराखाली तयार होत नसे. मोडेना आणि मारानेल्लोच्या परिसरात इंजिन आणि चासी तयार होई. बॉडीचा आराखडा तुरिनमधल्या पिनिनफारिना, बेर्तोने, गिया, विन्याले अशा घराण्यांकडून येई. फेरारीच्या बाबतीत पत्रेकाम बऱ्याचदा मोडेनातल्या स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात होई. ॲल्युमिनियमचा पत्रा कारागीर हातोडीने ठोकून घडवत, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या मोजमापाने तंतोतंत सारख्या नसत.

२५० जीटीओ हे या पद्धतीचे टोक. १९६२ ते १९६४ या काळात मूळ गणतीने ३६ गाड्या झाल्या. शर्यतीच्या नियमानुसार खरे तर १०० व्हायला हव्या होत्या. ही आधीच्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असा युक्तिवाद फेरारीने केला आणि तो चालून गेला. यातल्या प्रत्येक गाडीचा चासी क्रमांक जाणकारांना पाठ असतो. ती कोणत्या शर्यतीत कोणी चालवली, कुठे आपटली, नंतर कोणाच्या ताब्यात गेली, हे सगळे नोंदलेले असते. संग्राहक किंमत मोजतो ती या नोंदींची. २०१९मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओच्या रूपाला कलाकृतीचे संरक्षण दिले, त्यात या दृष्टिकोनावर कायद्याची मोहोर उमटली.

लाम्बोर्गिनीची मिउरा वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. नोव्हेंबर १९६५मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात तिची नुसती चासी मांडली होती. १९६६च्या मार्चमध्ये जिनिव्हात ती बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखलेल्या बॉडीसह आली. जानपाओलो दल्लारा आणि पाओलो स्तान्झानी या तरुण अभियंत्यांनी बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात चालत, आणि ही अडचण ‘एसव्ही’ या शेवटच्या आवृत्तीतल्या काही गाड्यांतच सुटली. मिउरा तापते, पेट्रोल गळले तर पेट घेते, वेगात तिचे नाक हलके होते. तरीही रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन मध्यभागी असावे ही कल्पना तिनेच प्रतिष्ठेला नेली, आणि संग्राहक तिला त्यासाठी सगळे माफ करतात.

इटालियन संग्रह म्हणजे फक्त ही शिखरे नव्हेत. अल्फा रोमिओची जुलिया जीटीए, लान्चा फुल्विया, रॅलीसाठीच घडवलेली स्ट्रॅटोस, साडेतीन हजारांहून अधिक संख्येने निघालेली डिनो २४६, फायबरग्लासच्या बॉडीतल्या सुरुवातीच्या ७१२ फेरारी ३०८ हा सगळा मधला पट्टा आहे. शेवटी येते १९८७ची एफ४०, एन्झो फेरारी हयात असताना निघालेली शेवटची नवी गाडी. चारशेच करायच्या म्हणून सुरुवात झाली आणि तेराशेवर झाल्या. तरी तिची किंमत ढळलेली नाही. दुर्मिळता हेच इटालियन मूल्याचे मूळ, असे सांगणाऱ्यांना एफ४० नेहमी अडचणीत टाकते.

जपान: दोन लाटा

जपानी स्पोर्ट्स कारची पहिली लाट १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. टोयोटाने यामाहाच्या मदतीने २०००जीटी उभी केली. दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, त्यावर यामाहाचे दुहेरी कॅमशाफ्टचे हेड, १५० अश्वशक्ती. ऑक्टोबर १९६६मध्ये याताबेच्या चाचणी ट्रॅकवर ही गाडी ७८ तास धावली आणि तिने ३ जागतिक आणि १३ आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवले. एकूण ३५१ गाड्या झाल्या आणि टोयोटाला त्यातून पैसा मिळाला नाही. जपान अशी गाडी करू शकतो, हे दाखवायचे होते, ते साधले.

माझदाची कोस्मो स्पोर्ट १९६७ची. मला या लाटेतली सर्वांत धाडसी गाडी तीच वाटते. रोटरी इंजिनाचा परवाना जर्मनीहून घेतला खरा, पण इंजिनाच्या आतल्या भिंतीवर थोड्याच तासांत ओरखडे पडत. माझदाच्या लोकांनी त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा असे नाव दिले होते. केनइची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या चमूने वर्षानुवर्षे रोटरच्या टोकावरच्या सीलचे साहित्य आणि आकार बदलत ही अडचण सोडवली. मग १९६८मध्ये न्यूर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कोस्मो उतरवल्या. त्यांतली एक चौथी आली. पाच-सहा वर्षांत १,१७६ गाड्या हाताने जोडल्या गेल्या. कारागिरी हा फक्त इटलीचा गुण आहे, असे म्हणणाऱ्याने कोस्मोचा इतिहास जरूर वाचावा.

१९६९मध्ये निस्सानची पहिली स्कायलाइन जीटी-आर आली. तिचे इंजिन शर्यतीच्या आर३८० गाडीच्या इंजिनावरून उतरलेले. त्याच वर्षी फेअरलेडी झेड आली आणि पुढच्या वर्षी डॅटसन २४०झेड या नावाने अमेरिकेत विकली जाऊ लागली, साडेतीन हजार डॉलरला. सहा सिलिंडरची ही सुंदर कूपे सामान्य नोकरदाराला परवडणारी होती. १९७३च्या तेलसंकटाने आणि धुराच्या नव्या नियमांनी ही लाट ओसरली. त्या वर्षी आलेली दुसरी जीटी-आर, लोकांच्या तोंडी ‘केनमेरी’, १९७ गाड्यांवरच थांबली.

दुसरी लाट १९८९ची. त्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात होंडाने एनएसएक्स दाखवली आणि माझदाने एमएक्स-५. ऑगस्टमध्ये निस्सानची आर३२ जीटी-आर आली. आर३२मध्ये २.६ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन आणि गरजेप्रमाणे पुढच्या चाकांकडे ताकद पाठवणारी संगणकनियंत्रित यंत्रणा होती. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या सर्वच्या सर्व २९ शर्यती तिने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात तिला ‘गॉडझिला’ हे नाव मिळाले आणि १९९१, १९९२ अशी सलग दोन वर्षे बाथर्स्टची शर्यतही. पुढे माझदाची आरएक्स-७ एफडी आणि टोयोटाची सुप्रा ए८० आली. कारखान्यांनी आपसांत ठरवून जाहीर अश्वशक्ती २८०वर रोखून धरली होती. हा संकेत २००४पर्यंत टिकला, आणि प्रत्यक्षात काही इंजिने त्याहून जास्त ताकद देत, हे सगळ्यांना माहीत होते.

एनएसएक्सवर थोडे थांबायला हवे, कारण या तुलनेचा काटा तिच्यावरच आहे. होंडाने तिच्यासाठी संपूर्ण ॲल्युमिनियमची मोनोकॉक बॉडी केली; नियमित उत्पादनातल्या गाडीत असे पहिल्यांदाच घडले. तोचिगीत त्यासाठी वेगळा कारखाना उभारला. सुझुकाच्या ट्रॅकवर शर्यतपटू आयर्टन सेना यांनी चाचणीची गाडी चालवून बॉडीच्या ताठपणाबद्दल शंका घेतली आणि होंडाने ती आणखी मजबूत केली. समोर लक्ष्य होते फेरारीच्या मधल्या इंजिनाच्या आठ सिलिंडरच्या गाड्यांचे: तेवढीच वेगवान, पण रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी. मॅकलरेन एफ१ आखताना गॉर्डन मरे यांनी चालण्याच्या आणि वापरण्याच्या सहजतेसाठी एनएसएक्सच मापदंड धरली होती.

दोन्ही देशांची देवाणघेवाण

चर्चेत एक गोष्ट वारंवार विसरली जाते. जपानी गाडी आणि इटालियन गाडी ही दोन वेगळी विश्वे कधीच नव्हती. १९६०मध्ये प्रिन्स या पुढे निस्सानमध्ये विलीन झालेल्या कंपनीची स्कायलाइन स्पोर्ट जोवान्नी मिकेलोत्ती यांनी रेखली होती. म्हणजे पुढे जीटी-आर झालेल्या कुळाच्या सुरुवातीलाच एक इटालियन हात आहे. हिनोची कॉन्टेसा १३०० मिकेलोत्ती यांचीच. माझदाची पहिली लुचे बेर्तोनेत काम करणाऱ्या जोर्जेत्तो जुजारो यांची, आणि इसुझुची ११७ कूपे त्यांनीच गियामध्ये असताना केलेली. होंडाने १९८४मध्ये मधल्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारची पहिली कल्पना मांडली, ती एचपी-एक्स, पिनिनफारिनाकडून करून घेतलेली. उलट प्रवासही झाला. २००२ची फेरारी एन्झो पिनिनफारिनात ज्यांच्या देखरेखीखाली रेखली गेली, ते केन ओकुयामा यामागाताचे.

आणि जपानी माणूस हा इटालियन गाडीचा जगातला एक निष्ठावान भक्त आहे. १९७५मध्ये सातोशी इकेझावा यांची ‘सर्किट नो ओओकामी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि शाळकरी मुले प्रदर्शनांत लाम्बोर्गिनी काउंटाच पाहायला रांगा लावू लागली. ती मुले मोठी होऊन कमावती झाली तेव्हा जपानची अर्थव्यवस्था फुगलेली होती. ऑगस्ट १९८८मध्ये एन्झो फेरारी वारले आणि फेरारीच्या किमती जगभर उसळल्या; त्या उसळीला जपानी पैशाने मोठा जोर दिला. १९९०नंतर फुगा फुटला आणि किमती कोसळल्या. अनेक गाड्या मात्र तिथेच राहिल्या. २०१७मध्ये रस्त्यासाठी केलेली ॲल्युमिनियम बॉडीची एकमेव फेरारी डेटोना जपानमधल्या एका गोदामात, सुमारे चार दशके धूळ खात पडलेली, सापडली आणि मारानेल्लोच्या लिलावात १८ लाख युरोंच्या पुढे गेली.

आज घेतल्या जाणाऱ्या भूमिका

पहिली भूमिका इटालियन गाडीच्या बाजूची. ती मांडणारे म्हणतात, संग्रहाचा आधार इतिहास असतो, आणि शर्यतीचा, रचनेचा, माणसांचा इतका दाट इतिहास दुसरीकडे नाही. मिले मिलिया, तार्गा फ्लोरिओ, ले माँ या नावांशी जोडलेली गाडी हा पुरावा असतो आणि पुरावे नव्याने तयार होत नाहीत. मागणीही साठ वर्षे तपासली गेलेली. १९९०च्या कोसळीनंतरही चांगल्या गाड्या सावरल्या आणि पुढे गेल्या. शिवाय आवाज, चामड्याचा वास, हातात येणारे स्टिअरिंगचे वजन या गोष्टी आकड्यांत मावत नसल्या तरी माणूस गाडी विकत घेतो ती त्यांच्यासाठीच.

दुसरी भूमिका जपानी गाडीच्या बाजूची, आणि ती फक्त ‘स्वस्त आणि टिकाऊ’ एवढीच नाही. जपानी कारखान्यांनी तंत्राचे प्रश्न शेवटपर्यंत सोडवले, आणि ते सोडवणे हीसुद्धा मोठी निर्मिती आहे, असे या बाजूचे म्हणणे. कोस्मोचे सील, एनएसएक्सची बॉडी, आर३२ची चारचाकी यंत्रणा ही त्यांची उदाहरणे. अशी गाडी रविवारी झाकण काढून पाहायची वस्तू राहत नाही. ती चालवता येते. चालवता न येणारा संग्रह म्हणजे नुसती तिजोरी, असे ही मंडळी बोलून दाखवतात.

तिसरी भूमिका पिढीची. माणूस पन्नाशीत पैसा हाती आल्यावर पंधराव्या वर्षी भिंतीवर लावलेली गाडी घेतो, हे निरीक्षण जुने आहे. आज पन्नाशीकडे झुकलेल्यांच्या भिंतीवर काउंटाच होती. चाळिशीतल्यांनी १९९७च्या ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडिओ गेममध्ये आर३२ आणि सुप्रा चालवली, शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’मध्ये टोयोटाची साधी एई८६ घाटातून उतरताना पाहिली, २००१मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ पाहिला. त्या चित्रपटात पॉल वॉकर यांनी चालवलेली सुप्रा २०२१मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली. याच मालिकेतल्या नंतरच्या चित्रपटातली आर३४ स्कायलाइन २०२३मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरला. या भूमिकेचे लोक कोणती गाडी चांगली या वादात पडत नाहीत. आठवणी बदलल्या की किमती बदलतात, एवढेच ते सांगतात.

माझ्या मते या तिन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. इटालियन गाडीत संग्राहक त्या एका गाडीचे चरित्र जपतो. जपानी गाडीत तो मॉडेलचे कर्तृत्व मानतो आणि समोरच्या गाडीची प्रकृती तपासतो: किती किलोमीटर चालली, रंग मूळचा आहे का, काही बदलले आहे का. जपानच्या मोटार लिलावांत प्रत्येक गाडीबरोबर श्रेणी आणि ओरखड्यांचा नकाशा असलेला कागद मिळतो. तो आरोग्याचा दाखला असतो. मारानेल्लोच्या दस्तऐवजात वंशावळ असते. चरित्राला आणि प्रकृतीला एकच तराजू लावल्यामुळेच ही चर्चा इतकी वर्षे एकाच जागी घुटमळते आहे, असे मला वाटते.

एनएसएक्सने फेरारीला बदलायला लावले का, यावरही एकमत नाही. १९८९ची फेरारी ३४८ टीकेची धनी झाली. १९९१मध्ये अध्यक्ष झालेले लुका दी मोन्तेझेमोलो यांनीही तिच्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. १९९४ची एफ३५५ बरीच सुधारलेली होती. जपानी बाजू याला होंडाचा परिणाम मानते. इटालियन बाजू म्हणते, घर आवरायला फेरारीला बाहेरच्याची गरज नव्हती. काळाचा क्रम पहिल्या बाजूला अनुकूल आहे. कारण सिद्ध करणारा कागद मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही.

देखभाल, गंज आणि सुटे भाग

जपानी गाडी बिनत्रासाची आणि इटालियन गाडी त्रासाची, ही समजूत अर्धी खरी आहे. १९९०च्या दशकातल्या गाड्यांना ती लागू पडते. फेरारी एफ३५५चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते. तिचे व्हॉल्व्ह गाइड झिजतात, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड तडकतात, आतल्या प्लॅस्टिकची बटणे चिकट होतात. त्याच वयाची एनएसएक्स साध्या देखभालीवर चालते. पण १९७०च्या आसपास जा, चित्र पालटते. २४०झेडचा पत्रा पातळ होता आणि ती अल्फा-लान्चाइतकीच गंजते. ३०८सारख्या जुन्या फेरारीचे इंजिन चांगला मेकॅनिक कार्ब्युरेटरपासून टायमिंग बेल्टपर्यंत हाताने समजून घेऊ शकतो. आरएक्स-७ एफडीच्या दोन टर्बोंभोवतीच्या व्हॅक्युम नळ्यांच्या गुंत्यात मात्र अनुभवी माणूसही हरवतो.

सुट्या भागांचे गणित तर उलटे झाले आहे. दुर्मिळ फेरारीचा भाग महाग असतो, पण मिळतो. नाही मिळाला तर कोणी ओतून, कोणी कातून देतो, कारण गाडीची किंमत तो खर्च सोसते. फेरारीने २००६पासून क्लासिके विभाग चालवला आहे. तो कारखान्याच्या दप्तरातल्या नोंदींशी चासी, इंजिन, गिअरबॉक्स ताडून पाहतो आणि प्रमाणपत्र देतो. लाम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको २०१५चा. जपानी गाडी लाखोंनी विकल्या जाणाऱ्या कुळातली असल्याने वर्षानुवर्षे भाग सहज मिळाले आणि मग एकाएकी कारखान्याने ते बनवणे थांबवले. रबरी पट्टी, डॅशबोर्डचा तुकडा, इंजिनाच्या संगणकाचे मंडल यांवाचून गाड्या उभ्या राहू लागल्या. मग कारखाने जागे झाले. निस्सानने २०१७च्या अखेरीस आर३२चे भाग पुन्हा बनवायला घेतले, माझदाने जपानमध्ये पहिल्या एमएक्स-५चे रिस्टोरेशन सुरू केले, टोयोटाने २०२०मध्ये सुप्राच्या ए७० आणि ए८० पिढ्यांसाठी आणि पाठोपाठ २०००जीटीसाठी भाग काढले. होंडाने तर एनएसएक्स नवी असतानाच, १९९३मध्ये, कारखान्यात परत घेऊन ती नव्यासारखी करून देण्याची सोय केली होती.

यात एक मोठा प्रश्न उघडा आहे. १९८९नंतरच्या गाड्यांचे प्राण इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत, आणि संगणकमंडलावरचे कपॅसिटर वापरले नाहीत तरी वाळतात, गळतात. कार्ब्युरेटर शंभर वर्षांनीही साफ करता येईल. १९९९च्या आर३४मधल्या रंगीत माहितीपडद्याचे पन्नास वर्षांनी काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही कारखान्याने दिलेले नाही. हा प्रश्न तेवढ्याच तीव्रतेने १९९०नंतरच्या इटालियन गाड्यांनाही आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या चर्चेत कमीच येतो.

मूळ म्हणजे काय?

सगळ्यांत कडवा मतभेद इथे आहे. इटालियन गाडीच्या बाबतीत ‘नंबर जुळणे’ हा शब्दप्रयोग मंत्रासारखा वापरला जातो: चासी आणि इंजिन एकाच जन्माचे असावे. तरी शर्यतीच्या गाड्यांची इंजिने त्याच काळात बदलली गेली, आपटलेल्या गाड्यांना नव्या बॉडी बसल्या, आणि आज एकाच चासी क्रमांकावर दोन जण हक्क सांगतात असे वादही झाले आहेत. साध्या २५० जीटीवर जीटीओची बॉडी घडवून केलेल्या गाड्या अनेक आहेत. प्रमाणपत्राचा विभाग कारखान्याचाच असल्याने मूळपणाचा न्यायाधीश आणि दुरुस्तीचा ठेकेदार एकच होतो, असा आक्षेप काही जाणकार घेतात. ज्यांच्याकडे मूळ दप्तर आहे त्यांच्याहून योग्य न्यायाधीश कोण, असे दुसरे विचारतात.

जपानी गाडीची अडचण निराळी. आर३२, सुप्रा, आरएक्स-७ या गाड्या तरुणांनी घेतल्या त्या बदलण्यासाठीच. टर्बो मोठे केले, सस्पेन्शन खाली आणले, मफलर बदलले. त्यामुळे आज न बदललेली गाडी दुर्मिळ झाली आणि तिलाच सर्वाधिक भाव मिळतो. मला यात एक गैरसोयीचे सत्य दिसते. १९९०च्या दशकातल्या जपानी गाडीची खरी संस्कृती तिला बदलण्याचीच होती. कोणीही हात न लावलेली सुप्रा जपली तर कारखान्याचे काम जपले जाते. रात्री तोक्योच्या वांगान महामार्गावर धावणाऱ्या त्या पिढीचे काम निसटते. निस्मो, मुगेन, एचकेएस या गाड्या सुधारण्याचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे त्या काळातले भाग आता स्वतःच जुन्या बाजारात शोधले जातात, यावरून काही संग्राहकांनी हे ओळखले आहे, असे म्हणता येईल.

खोट्या गाड्यांचा धोका इथेही आहे. साध्या १९७०च्या स्कायलाइनला जीटी-आरचे मडगार्ड आणि चिन्हे लावून केलेल्या गाड्या जपानमध्येच भरपूर तयार झाल्या. चासी क्रमांकाची केपीजीसी१० ही सुरुवात आणि बॉनेटखालचे चोवीस व्हॉल्व्हचे एस२० इंजिन पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

पुरवठा आणि भावांचे भवितव्य

जपानी गाड्यांच्या भावांमागे आठवणींइतकाच एक कायदाही आहे. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी सुरक्षानियमांच्या जाचाशिवाय आणता येते. कॅनडात ही मुदत १५ वर्षांची. आर३२ २०१४मध्ये अमेरिकेत शिरू लागली, आर३४ २०२४मध्ये. प्रत्येक टप्प्यावर जपानमधल्या गाड्या बाहेर गेल्या. जपानमधली दर दोन वर्षांची तपासणी आणि तेरा वर्षांनंतर वाढणारा कर यांमुळे जुन्या गाड्या विकायला मालक आधीच तयार होते. आता उलट तक्रार ऐकू येते: आमच्या गाड्या आम्हालाच परवडेनाशा झाल्या.

ही मागणी टिकेल का? एक बाजू युद्धपूर्व गाड्यांकडे बोट दाखवते. त्यांच्या आठवणी असणारी पिढी सरली आणि मधल्या दर्जाच्या गाड्यांचे भाव थंडावले; तेच सुप्राचे होईल. दुसरी बाजू म्हणते, मिउरा नवी असताना ज्यांचा जन्मही झाला नव्हता तेही आज ती घेतात, म्हणजे आठवण संपल्यावर कर्तृत्व उरते. २०२०मध्ये एक जपलेली २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरला गेली, तेव्हा दोन्ही बाजूंनी तो आपलाच पुरावा मानला. २०००जीटी, कोस्मो, पहिली जीटी-आर आणि एनएसएक्सची हलकी केलेली ‘आर’ आवृत्ती या गाड्या दुसऱ्या पिढीपर्यंत पोचतील, असे मला वाटते. हजारोंनी निघालेल्या आणि चित्रपटाच्या बळावर चढलेल्या गाड्यांबद्दल तेवढी खात्री देता येणार नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या वाचकाला इटालियन यंत्र अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली. तिच्यावर शिकलेल्या मेकॅनिक आणि डेंटर मंडळींच्या हातात ते इटालियन पत्रेकाम अजून जिवंत आहे. स्पोर्ट्स कारच्या संग्रहाची वाट मात्र अरुंद आहे. २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली: नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला मनाई. १९७०ची २४०झेड किंवा डिनो वयाने या चौकटीत बसते, पण आयातीचे नियम आणि सीमाशुल्क हा निराळा, कठीण अडथळा आहे. जपानमध्येही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच वाहतूक असल्याने तिथल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या असतात, ही इथल्या संग्राहकासाठी खरी सोय. उजव्या स्टिअरिंगची जुनी फेरारी मुख्यतः ब्रिटनच्या बाजारात शोधावी लागते.

अजून ठरायचे आहे

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणण्यासाठी ३० वर्षांचे वय आणि इतिहासाशी सुसंगत स्थिती या अटी ठेवल्या आहेत. २०१२च्या त्यांच्या तुरिन सनदेत वाहनाच्या आयुष्यातले त्या काळचे बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानता येतात, असा विचार आहे. फेरारीच्या बाबतीत हे लागू करायला दप्तर आणि शर्यतीच्या नोंदी आहेत. जपानी गाड्यांच्या बाबतीत नव्वदच्या दशकातल्या गॅरेजांनी केलेल्या बदलांची नोंद पावत्यांत, जुन्या मासिकांच्या फोटोंत आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या मेकॅनिकांच्या स्मरणात विखुरलेली आहे. आर३४ स्कायलाइन २०२९मध्ये ३० वर्षांची होईल. त्याआधी ही नोंद कोणी गोळा करायची, कारखान्याने, क्लबांनी की मालकांनी, आणि त्या काळात बदललेली गाडी बदललेल्या रूपातच ऐतिहासिक मानायची की पुन्हा कारखान्याच्या रूपात आणायची, यावर जपानमध्ये किंवा बाहेर अजून एकमत नाही.